आधी नक्कल, मग दुरुस्ती
(द्वितीय वर्ष कला)

पूर्वी घरातील मोलाचे कागद पत्र्याच्या ट्रंकेत असत. सातबाराचा उतारा, लग्नाची पत्रिका, आजोबांचा एकुलता एक फोटो हे सारे फडक्यात बांधून ट्रंकेच्या तळाशी ठेवलेले असे. ट्रंकेला गंज चढला तर तो डोळ्यांना दिसे, वाळवी लागली तर तिची माती दिसे. आज हाच ऐवज हार्ड डिस्कवर असतो, आणि हार्ड डिस्कला लागलेली वाळवी दिसत नाही. ती एक दिवस अचानक उमगते. मग माणूस घाबरून जे काही करतो, त्यानेच पुष्कळदा उरलेसुरले नाहीसे होते. डिस्क बिघडणे आणि तिच्यावरील माहिती नष्ट होणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या दोहोंच्या मध्ये काही तास किंवा काही दिवस असतात. त्या वेळात कोणते काम आधी करायचे व कोणते नंतर, ह्यावर सारे अवलंबून असते. एवढेच मला ह्या लेखात सांगायचे आहे.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. हा विषय आमच्या अभ्यासक्रमात नाही. परंतु तालुक्याच्या गावी माझ्या मामांचे संगणक दुरुस्तीचे दुकान आहे, आणि गेली दोन वर्षे कॉलेज सुटल्यावर मी तेथे बसते. येणारा प्रत्येक माणूस डिस्क टेबलावर ठेवतो आणि एकच प्रश्न विचारतो, "निघेल का?" ह्या प्रश्नाचे उत्तर समजण्यासाठी डिस्कच्या पोटात काय असते, ते आधी पाहिले पाहिजे.

डिस्कच्या पोटात

पहिली हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ साली आणली. तिच्यात दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या साऱ्यांवर मिळून अवघी ५० लाख अक्षरे मावत. आज तळहातावर मावणाऱ्या चार टेराबाइटच्या डिस्कवर ह्याच्या सुमारे आठ लाख पट मजकूर बसतो. तत्त्व मात्र जुनेच आहे. तबकडीवर चुंबकीय द्रव्याचा पातळ थर असतो, तबकडी फिरते, आणि तिच्यावरून सरकणारे एक इवलेसे हेड त्या थरातील चुंबकत्व वाचते किंवा बदलते. कॅसेटचा टेपरेकॉर्डरही ह्याच जातीचा. फरक असा की, टेपरेकॉर्डरमध्ये हेड फितीला घासते आणि येथे ते तबकडीला टेकत नाही. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीची कड ताशी सुमारे १३० किलोमीटर वेगाने धावत असते. त्या वाऱ्यावर हेड अवघे काही नॅनोमीटर उंच तरंगते. माणसाचा केस साधारण ७५ हजार नॅनोमीटर जाड असतो, हे लक्षात घेतले म्हणजे डिस्क उघडून फुंकर मारणाऱ्या माणसाला हात जोडावेसे का वाटतात, ते कळेल. आपल्याला न दिसणारा धुळीचा कण हेडच्या वाटेत टेकडीसारखा उभा राहतो.

तबकडीवरील जागा लहान लहान खणांत वाटलेली असते. अशा खणाला सेक्टर म्हणतात. नव्या डिस्कांत एका सेक्टरमध्ये ४,०९६ बाइट मावतात, म्हणजे चार टेराबाइटच्या डिस्कवर असे सुमारे ९७ कोटी ६७ लाख सेक्टर असतात. प्रत्येक सेक्टरमध्ये मजकुराबरोबर ताळा पाहण्याचे काही जादा आकडेही लिहिलेले असतात. वाचताना थोडी चूक झाली तर त्या आकड्यांवरून डिस्क ती स्वतःच सुधारते. चूक फार मोठी असली तर ती पुन्हा पुन्हा वाचून पाहते आणि शेवटी "हे वाचता येत नाही" असे सांगते. अशा सेक्टरची नोंद ती संशयितांच्या यादीत करते. पुढे त्या जागी नवा मजकूर लिहिण्याची वेळ आली आणि जागा खरोखरच निकामी ठरली, तर राखीव ठेवलेल्या सेक्टरांपैकी एक तिच्याऐवजी वापरला जातो.

ह्या सगळ्या घडामोडींची डायरी डिस्क स्वतःच ठेवते. तिचे नाव 'स्मार्ट'. राखीव सेक्टर किती वापरले, संशयित किती आहेत, केबलमधून येताना किती वेळा मजकूर बिघडला, हे सारे आकडे तिच्यात असतात व ते वाचणारी साधने फुकट मिळतात. ही डायरी उघडण्याचे कष्ट मात्र फार थोडे लोक घेतात. गूगलच्या संशोधकांनी २००७ साली आपल्याकडील एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक सापडल्यानंतरच्या ६० दिवसांत ती डिस्क निकामी होण्याचा संभव, अशी चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट असतो, असे त्यांना आढळले. त्याच अभ्यासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. निकामी झालेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांच्या डायरीत ह्या महत्त्वाच्या खुणांपैकी एकही नव्हती. म्हणजे डायरीने धोका दाखवला तर तो खरा मानावा. तिने काहीच दाखवले नाही म्हणून निर्धास्त मात्र राहू नये.

दुखण्याचे तीन प्रकार

दुकानात आलेल्या डिस्ककडे पाहताना मामा पहिल्यांदा दुखणे कोणत्या जातीचे आहे ते ठरवतात. पहिली जात विजेची. केबल सैल झालेली असते, वीजपुरवठ्याचा डबा अशक्त झालेला असतो, किंवा वारंवार लाइट जाण्या-येण्याने डिस्कखालील हिरवी पाटी जळलेली असते. केबल आणि वीजपुरवठा बदलून पाहायला पाच मिनिटे लागतात, म्हणून ते आधी पाहावे. जळालेली पाटी मात्र तशाच दुसऱ्या डिस्कची काढून लावली की काम होईल, असा भरवसा धरू नये. आजकालच्या पाटीवर त्या त्या डिस्कपुरती मापे साठवलेली एक चिप असते. ती जुन्या पाटीवरून काढून नव्या पाटीवर बसवावी लागते.

दुसरी जात पृष्ठभागाची. डिस्क फिरते, ओळखली जाते, पण काही ठिकाणी वाचताना अडखळते. ह्या लेखातील बहुतेक मजकूर ह्याच जातीविषयी आहे, कारण येथेच शहाणपणाने वागल्यास पुष्कळ काही वाचते.

तिसरी जात हेडची. डिस्क ठराविक लयीत टक्-टक् असा आवाज करते. हेडला आपली जागा सापडत नसते व ते पुन्हा पुन्हा शोधत असते. अशा वेळी दुसरा विचार न करता वीज बंद करावी. येथे आमच्यासारख्या दुकानाचे काम संपते. धूळविरहित खोलीत डिस्क उघडून हेड बदलणाऱ्या प्रयोगशाळा मोठ्या शहरांत आहेत. खर्च पुष्कळ येतो, पण गिऱ्हाइकाला तेथेच पाठवावे लागते. तबकडी खरवडली गेलेली असेल तर त्यांचाही इलाज चालत नाही. म्हणूनच "आणखी एकदा चालू करून बघू" ह्या वाक्याला मामा फार भितात.

चार डिस्कांची बेरीज

आता घरगुती सर्व्हरकडे वळू. घरातील किंवा छोट्या धंद्यातील साऱ्या फाइली एका ठिकाणी ठेवण्यासाठी दोन-चार डिस्क बसवलेली एक पेटी मिळते. ती घरातल्या नेटवर्कला जोडली की प्रत्येक संगणकावरून वापरता येते. ह्या पेटीतील डिस्क बहुधा 'रेड' नावाच्या पद्धतीने एकत्र बांधलेल्या असतात. ह्या पद्धतीला तिचे नाव कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील पॅटर्सन, गिब्सन आणि कॅट्झ ह्या तिघांनी १९८८ साली दिले. स्वस्त डिस्क पुष्कळ घ्याव्यात आणि त्यांतली एखादी मेली तरी काम चालू राहावे, अशी ती कल्पना.

हे कसे साधते? समजा, तीन डिस्कांवर ७, ५ आणि ८ हे आकडे लिहिले व चौथीवर त्यांची बेरीज २० लिहिली. दुसरी डिस्क मेली, तर २० मधून ७ आणि ८ वजा करायचे. उरलेले ५ हे मेलेल्या डिस्कवरचे होते. प्रत्यक्षात बेरजेऐवजी सम-विषमाचा हिशेब असतो आणि तो एकाच डिस्कवर न ठेवता चारही डिस्कांवर आळीपाळीने पसरलेला असतो. गणित मात्र हेच. चारांपैकी कोणत्याही तीन डिस्कांवरून चौथी काढता येते. दोन गेल्या तर बेरीज सुटत नाही.

येथे एक मेख आहे. चार टेराबाइटच्या चार डिस्कांपैकी एक मेली आणि तिच्या जागी नवी घातली, की सर्व्हर उरलेल्या तिन्ही डिस्क आरंभापासून शेवटपर्यंत वाचतो व नवी भरतो. म्हणजे १२ टेराबाइटचे वाचन. घरगुती डिस्कांच्या माहितीपत्रकांत, एकावर चौदा शून्ये इतके बिट वाचताना फार तर एखाद्या ठिकाणी वाचन फसेल, अशी मर्यादा पुष्कळदा दिलेली असते. हे बिट होतात साडेबारा टेराबाइट. बऱ्याच डिस्क ह्या मर्यादेहून चांगल्या निघतात हे खरे. पण चारही डिस्क एकाच दिवशी विकत घेतलेल्या, एकाच पेटीत सारख्याच तापलेल्या आणि सारख्याच वयाच्या असतात. एक गेली तेव्हा दुसरीही दमलेली असण्याचा संभव मोठा. त्या दमलेल्या डिस्ककडून आपण नेमके तेव्हाच सर्वांत मोठे काम करून घेतो.

स्टुडिओचा सर्व्हर

गेल्या पावसाळ्यात एका फोटो स्टुडिओचा असा सर्व्हर दुकानात आला. चार डिस्क, आणि त्यांवर बारा वर्षांचे फोटो. आमच्या भागात स्टुडिओ हा एक प्रकारे गावाचा दप्तरखाना असतो. पुष्कळ घरांत माणूस वारला की भिंतीवर लावायला फोटो नसतो. मग घरचे स्टुडिओत येतात आणि अमक्याच्या लग्नात काढलेल्या घोळक्यातून त्याचा चेहरा शोधून मोठा करून नेतात. स्टुडिओवाल्यांकडे त्या वेळी असेच एक काम आले होते. ऊसतोडणीला गेलेला एक माणूस वारला होता, आणि पूर्वी कधीतरी अर्जाला लावण्यासाठी काढलेला त्याचा फोटो पत्नीला मोठा करून हवा होता. तो ह्याच डिस्कांवर होता.

सर्व्हर चालू केला की पडद्यावर "नव्याने सुरुवात करा" अशा अर्थाचे एक बटण येत होते. ते दाबायचा सल्ला कोणीतरी दिलाही होता. सुदैवाने त्यांनी ते दाबले नव्हते. मामा म्हणाले, "आधी लाइट बंद करा त्याची, आणि डिस्कांवर नंबर टाका." कोणती डिस्क कोणत्या खणात होती हे विसरले तर पुढचे गणित उगाच अवघड होते.

डिस्कांवरील नोंदी वाचल्यावर हकिगत कळली. दुसरी डिस्क मार्चमध्येच संचातून बाहेर पडली होती. पेटीवरचा दिवा तेव्हापासून लाल होता, पण पेटी कपाटामागे होती आणि तीन डिस्कांवर काम सुरळीत चालले होते. ऑगस्टमध्ये चौथी बाहेर पडली आणि सारे थांबले. गंमत अशी की, दुसरी डिस्क मेलेली नव्हतीच. साधी डिस्क एखादा सेक्टर वाचता येईना की बराच वेळ प्रयत्न करीत बसते. सर्व्हरमधील लिनक्स ही प्रणाली तिच्या उत्तराची साधारण ३० सेकंद वाट पाहते आणि मग तिला मेलेली समजते. सर्व्हरसाठी बनवलेल्या डिस्क सुमारे सात सेकंदांतच हात टेकतात, ते ह्याचसाठी. स्टुडिओच्या पेटीत साध्याच डिस्क होत्या.

मग आता दुसरी डिस्क परत जोडून मोकळे व्हावे काय? नाही. तिच्यावरील मजकूर मार्चमध्ये थांबलेला होता. पहिली व तिसरी ऑगस्टमध्ये, आणि ही मार्चमध्ये. त्यांची बेरीज केली तर लग्नसराईतले सारे फोटो विस्कटले असते. ताजी होती ती चौथी, आणि तीच खरी आजारी होती. तिच्या डायरीत संशयित सेक्टरांची रांग लागली होती.

येथे आमच्या दुकानाचा पहिला नियम येतो: मूळ डिस्कवर कोणतीही दुरुस्ती करायची नाही, आधी तिची जशीच्या तशी नक्कल करायची. इतिहासाच्या अभ्यासकाला हे नवे नाही. जुन्या पोथीवर लेखणी चालवून कोणी अक्षरे सुधारत नाही. प्रत करून घेतो आणि पाठ त्या प्रतीवर लावतो. चारही डिस्कांच्या नकला चार नव्या डिस्कांवर करायचे ठरले.

नक्कल करण्यासाठी आम्ही 'ग्नू डीडीरेस्क्यू' नावाचे मोफत साधन वापरतो. ते आंतोनिओ दियास दियास ह्यांनी २००४ साली प्रथम प्रसिद्ध केले. त्याची युक्ती समजण्यासारखी आहे. साधी कॉपी करताना संगणक खराब जागेपाशी अडतो आणि तेथेच डोके आपटीत राहतो. डिस्कचे उरलेले आयुष्य त्या एका जागेवर खर्च होते. हे साधन तसे करीत नाही. पहिल्या फेरीत जे सहज वाचता येते तेवढे ते घेते आणि अडखळले की ती जागा सोडून पुढे उडी मारते. मग सोडलेल्या जागांकडे ते उलट दिशेनेही येते, त्यांच्या कडा दोन्ही बाजूंनी कुरतडत आत जाते, आणि अगदी शेवटी एकेक सेक्टर वाचून पाहते. कोठे वाचले आणि कोठे राहिले ह्याचा नकाशा ते एका फाइलीत लिहीत जाते. त्यामुळे मध्येच लाइट गेली तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. पेरणीला उशीर झालेला शेतकरी आधी मोकळी जमीन पेरून घेतो आणि खडकाळ तुकड्याकडे नंतर वळतो, तशातलाच हा प्रकार.

निरोगी डिस्क सेकंदाला १५० मेगाबाइट ह्या वेगाने वाचली तर चार टेराबाइटला सुमारे साडेसात तास लागतात. पहिल्या तीन डिस्कांच्या नकला दीड दिवसात पुऱ्या झाल्या. चौथीने पाच दिवस घेतले. तिच्यासमोर टेबलफॅन लावला होता, आणि मामा अधूनमधून तिला विश्रांती देत होते. शेवटी काही मेगाबाइट जागा कोणत्याही उपायाने वाचता आली नाही. चार टेराबाइटमध्ये काही मेगाबाइट म्हणजे पोत्यातले चार दाणे. पण ते दाणे कोणाचे, हा प्रश्न उरतोच.

मग पहिली, तिसरी आणि चौथी ह्यांच्या नकला फक्त वाचनासाठी जोडल्या. मामांनी सर्व्हर न वापरता साध्या संगणकावरच बेरीज सोडवली. फोल्डर दिसू लागले. न वाचलेल्या जागा कोणत्या फाइलींत पडल्या, ते नकाशावरून काढले. अशा फोटोंत वरचा भाग नीट व खालचा करड्या रंगाचा दिसत होता, कारण फोटोची फाइल मध्येच तुटली की पुढचा भाग सहसा उलगडत नाही. त्या कामगाराचा फोटो ह्याच यादीत होता. कपाळ आणि डोळे दिसत होते, खाली सारे करडे.

येथे मार्चमध्ये थांबलेली दुसरी डिस्क कामाला आली. ती शिळी होती ती मार्चनंतरच्या मजकुरापुरती. ज्या जागांवर मार्चनंतर काहीच लिहिले गेले नव्हते, तेथे तिचा हिशेब अजूनही बरोबर होता. जुने फोटो अशाच जागांवर होते. म्हणून तेवढ्या जागांपुरते पहिली, दुसरी आणि तिसरी ह्यांच्या नकलांवरून चौथीवरचा हरवलेला आकडा काढता आला. फोटो पुन्हा उघडला तेव्हा तो हनुवटीपर्यंत, शर्टाच्या बटणापर्यंत पूर्ण होता. मार्चनंतरच्या ज्या फाइली त्या खराब जागांत सापडल्या, त्यांना हा उपाय लागू पडला नाही. एप्रिलमधील एका लग्नाचे काही फोटो आणि अर्धी चित्रफीत गेली ती गेलीच. दिवा लाल झाला त्याच आठवड्यात कोणी पाहिले असते, तर तेही वाचले असते.

काय करू नये, आणि काय करावे

ह्यावरून काही नियम सांगता येतील. डिस्क अडखळू लागली की तिच्यावर नवे काही लिहू नये. सापडलेल्या फाइलीही तिच्यावरच साठवू नयेत. "डिस्क दुरुस्त करू का?" असे संगणकाने विचारले तर तूर्त नाही म्हणावे. ती दुरुस्ती म्हणजे फाइलींच्या याद्यांची फेरमांडणी असते, आणि ती नकलेवर करून पाहण्याची गोष्ट आहे. फ्रीजमध्ये डिस्क ठेवण्याचा जुना तोडगा करू नये. बाहेर काढल्यावर तिच्यावर दव धरते. फाइलींची यादीच नष्ट झाली असेल तरी धीर सोडू नये. 'फोटोरेक'सारखी साधने यादीकडे न पाहता फाइलींच्या खुणा शोधतात. उदाहरणार्थ, जेपेग फोटोचे पहिले दोन बाइट नेहमी २५५ आणि २१६ असतात. अशा फोटोंची मूळ नावे मात्र परत मिळत नाहीत.

सर्वांत महत्त्वाचे असे की, चार डिस्कांचा सर्व्हर म्हणजे बॅकअप नव्हे. तो एका डिस्कच्या मरणापासून वाचवतो. चुकून पुसलेली फाइल, चोरी, आग, विजेचा लोळ ह्यांपासून तो वाचवीत नाही. पिक्सार ह्या चित्रपट कंपनीत १९९८ साली 'टॉय स्टोरी २' चे काम चालू असताना एका आज्ञेने चित्रपटाच्या फाइली पुसल्या जाऊ लागल्या. बॅकअपकडे धाव घेतली तर तोच नीट होत नव्हता असे आढळले. गॅलिन सुसमन ह्या तांत्रिक दिग्दर्शिका बाळंतपणानंतर घरून काम करीत होत्या. त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती म्हणून काम वाचले. एवढ्या मोठ्या कंपनीला जे वेगळ्या छपराखालच्या एका प्रतीने तारले, ते आपल्यालाही परवडण्यासारखे आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी, असा साधा नियम जाणकार सांगतात. त्यात मामा एक भर घालतात: महिन्यातून एकदा बॅकअपमधली एखादी फाइल उघडून पाहा. न उघडलेला बॅकअप म्हणजे न मोजलेले पैसे.

आपल्या महाविद्यालयापुरते बोलायचे तर क्षेत्रभेटींची ध्वनिमुद्रणे, लोकगीतांचे संकलन, स्नेहसंमेलनाचे फोटो आणि प्रकल्प ह्यांतले किती तरी आज कोणाच्या तरी एकाच पेनड्राइव्हवर किंवा एकाच डिस्कवर असेल. आपल्या आयाबायांनी सांगितलेली गाणी पुन्हा मुद्रित करता येतील असे नाही, कारण सांगणारी माणसे नेहमीसाठी नसतात. प्राध्यापकांना आणि मित्रमैत्रिणींना माझी एवढीच विनंती आहे की, हा अंक खाली ठेवल्यावर आपल्या अशा एका फाइलीची दुसरी प्रत करावी आणि ती दुसऱ्या घरी ठेवावी. दुकानात येऊन "निघेल का?" असे विचारण्यापेक्षा ते फार स्वस्त पडते.